सांगगाम: आजच्या कोरियन कुंभाराने क्रौंच पुन्हा कोरावेत का?

मूळ मत
कोरियातील मध्ययुगीन गोर्यो राजवटीच्या काळातील सांगगाम, म्हणजे मातीत वेगळ्या रंगाची माती भरून नक्षी उमटवण्याचे तंत्र, ही मातीकामाला कोरियाची फार मोठी देणगी आहे. म्हणूनच इचोन आणि कांगजिन या कोरियातील कुंभारकामाच्या केंद्रांत आजही तेच ढग, तेच क्रौंच आणि तीच हिरवट झिलई घडवली जाते, हे मला खटकते. सेऊलच्या कानसोंग संग्रहातील सुमारे ४२ सेंटीमीटर उंचीची मेब्योंग बरणी पाहावी. वर्तुळांतले क्रौंच वर झेपावतात, बाहेरचे खाली उतरतात आणि बरणीचा फुगीर खांदा अख्खे आकाश होऊन जातो. ही कल्पना कोणा कारागिराला स्वतः सुचलेली होती. आजच्या कलावंताने तिचे तंत्र घ्यावे, चित्र घेऊ नये.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. तंत्र आणि चित्र इतके सहज वेगळे होत नाहीत. भांडे अर्धवट वाळलेले असताना रेषा कोरायची, तिच्यात पांढरी किंवा लोहयुक्त माती भरायची, वर आलेली माती खरवडायची, एकदा भाजून मग झिलई द्यायची आणि कमी प्राणवायूच्या भट्टीत पुन्हा भाजायचे. लोहयुक्त माती काळी होते ती तिथेच. क्रौंचाच्या पंखाची बारीक रेषा ज्याच्या हातून निभावते, त्यालाच हे तंत्र आले असे म्हणता येते. शिवाय गोर्योनंतर ही कला शतकानुशतके लुप्त होती. कोरियन कुंभार यू गुन-ह्योंग (१८९४–१९९३) यांनी आयुष्य घालवले ते जुने सेलाडॉन, म्हणजे हिरवट झिलईची भांडी, पुन्हा साधण्यात. त्या परिश्रमांना नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रतिसाद २
मी हौशी कुंभार आहे. आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये या कामाला 'मिशिमा' हे जपानी नाव रूढ आहे, याचे मला वाईट वाटते. मी एका पेल्यावर गवताची पाती भरून पाहिली. भरलेली माती मूळ मातीहून जास्त आकसली आणि तीन पाती कडेने सुटून निघाली. त्यामुळे सरावाबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही पंधराव्या शतकातील बुन्चोंग, म्हणजे पांढऱ्या मातीने सजवलेली भांडी, विसरू नये. सांगगामचा वारसा असलेल्या, गोर्योनंतरच्या जोसन राजवटीतील कुंभारांनी रेषा कोरण्याऐवजी छोट्या फुलांचे ठसे ओल्या मातीत उमटवले, त्यांत पांढरी माती भरली आणि पुढे तर कुंचल्याने नुसते पांढरे फटकारे ओढले. परंपरा मोकळी केली ती हात तयार असलेल्या लोकांनीच. आज कोरियन कुंभार युन क्वांग-चो बुन्चोंगचे हेच बळ चाकाऐवजी हाताने उभारलेल्या, वेड्यावाकड्या पात्रांत आणतात.

मूळ लेखकाचे उत्तर
यू गुन-ह्योंग यांच्यासारख्यांचे परिश्रम लक्षात न घेता लिहिलेले माझे शब्द उतावळे होते, ते मी मागे घेतो. लुप्त झालेले परत आणणे हे सर्जनच आहे. परंतु ते परत येऊनही आता काही दशके लोटली आहेत. ज्याचा हात तयार आहे, त्याने मेब्योंगच्या खांद्यावर आज काय उडते ते स्वतः ठरवावे, एवढे मी अजूनही म्हणेन.