ओठावर फोड आलेल्या नातेवाइकाचा उष्टा पेला वापरला गेला. हर्पिसची लागण होईल का?

विचारणा: लातूरकर
परवा वेळ अमावस्येला शेतात सर्व भावकी जमली होती. मावसभावाच्या ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या पुळ्या होत्या. ताप फुटला आहे, एवढेच तो म्हणाला. त्याने आंबील प्यालेल्या पेल्यातूनच मीही प्यालो हे नंतर लक्षात आले आणि रात्री मोबाइलवर हर्पिसविषयी वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली असून पुढच्या आठवड्यात बारसे आहे. मी रक्त तपासून घ्यावे का, भांडी वेगळी ठेवावीत का आणि मावसभावाला बारशाला येऊ नको असे सांगावे का?

उत्तर: बालाघाट
पेल्याची चिंता सोडावी. ओठावरच्या हर्पिसचा हा विषाणू मुख्यतः फोडांतील स्राव, लाळ आणि तोंडाभोवतालची त्वचा यांच्या थेट स्पर्शातून पसरतो. उष्ट्या पेल्यातून लागण होणे अशक्य नसले तरी विरळच. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीखालील सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे आणि बहुतेकांना तो लहानपणीच, घरच्यांच्या पाप्यांतून मिळतो, त्यामुळे तो आपल्याकडे आधीपासून असण्याचीच शक्यता अधिक. रक्ततपासणीत तो सापडला तरी कधी आणि कोणाकडून आला हे कळणार नाही. तेवढ्यासाठी पैसे घालवू नयेत. भांडी नेहमीच्या साबणाने घासली की पुरे.

खरी काळजी बाळाची घ्यावी, आणि आपल्या प्रश्नात ती शेवटी आली आहे. पहिल्या काही आठवड्यांत नवजात बाळाला ही लागण झाल्यास ती मेंदू आणि यकृतापर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकते. मावसभावाच्या ओठावरची खपली पडून खाली कोरडी, नवी त्वचा येईपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा दिवस, त्याने बाळाला घेऊ नये. फोड नसतानाही लाळेतून विषाणू अधूनमधून बाहेर पडतो, म्हणून बारशाला आलेल्या कोणीच बाळाची पापी घेऊ नये. आपल्याकडे हे बोलून दाखवणे म्हणजे आत्याबाईंचा रुसवा ओढवून घेणे, पण ते बोलावेच. लागणीनंतर फोड दिसायला २ ते १२ दिवस लागतात, तेव्हा हा नियम आपल्यालाही लागू आहे.

उत्तर: गोदाकाठ
वरील उत्तराशी सहमत. मावसभावाने फोडाला हात लावून तोच हात डोळ्याला लावू नये. बुबुळाला इजा होऊ शकते. चुना किंवा औषधाच्या दुकानातून कोणी सुचवले म्हणून आणलेले स्टिरॉइडचे मलम लावू नये. असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, चुरचुर सुरू होताच घेतले तर अधिक उपयोगी पडते.

लातूरकर
आभारी आहे. मावसभावाला फोन केला. त्याने वाईट वाटून घेतले नाही. बहिणीलाच फोड आले तर अंगावर पाजणे थांबवावे लागेल का?

बालाघाट
नाही. स्तनावर फोड नसतील तर पाजत राहावे. हात धुवावेत, तोंडाला मास्क लावावा आणि पापी घेऊ नये. बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासे झाले, फार सुस्त पडले किंवा अंगावर पुळ्या दिसल्या, तर रात्र असली तरी त्याच वेळी बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि घरात कोणाला ओठावर फोड आले होते हे तेथे आपणहून सांगावे.