भर उन्हाळ्यात वेल छाटावी का?

मूळ प्रश्न (परभणी) :
फाटकावरची मधुमालती आणि शेजारची जाई यांची छाटणी थंडीत राहून गेली आणि आता एप्रिल सरता सरता दोघींचा पसारा विजेच्या तारेला जाऊन टेकला आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते. पाने कमी केली तर वेलींची तहानही कमी होईल, असे माझे मत आहे. द्राक्षाची खरड छाटणी (जुन्या काड्या एक-दोन डोळे राखून बुडाशी कापणे) एप्रिलमध्ये चालते, मग घरच्या वेलीलाच थंडीचा मुहूर्त कशाला?

उत्तर (जालना) :
द्राक्षाचा दाखला इथे लागू होत नाही. आमच्याकडे कडवंची या द्राक्षबागांच्या गावात खरड छाटणी होते ती शेततळ्यातल्या पाण्याच्या आणि ठिबकच्या भरवशावर, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ज्यांवर घड येतील त्या काड्या तयार करण्यासाठी. शेंडा कापला की खालचे डोळे फुटतात, त्यामुळे पाण्याची बचत फार तर काही दिवसांची. पुढे तीच कोवळी पालवी पाणी मागते आणि ते न मिळाल्यास ४२ अंशांच्या उन्हात कडेने तपकिरी होऊन करपते. वेलीने खोडात साठवलेले अन्न फुकट जाते ते वेगळेच. शिवाय इतके दिवस सावलीत वाढलेल्या जुन्या खोडावर एकाएकी पश्चिमेचे ऊन पडले की साल भाजून तडकते. जाईचा बहर पावसाळ्यात नव्या फुटीवर येतो. ती फूट आताच करपवून काय साधणार?

मूळ प्रश्नकर्ता :
जाईपुरते पटले. पण सगळ्या वेली एका मापाने मोजू नयेत. बोगनवेल बहर ओसरल्यावर उन्हाळ्यातही छाटतात आणि ती पुन्हा फुटते. मधुमालतीही तितकी नाजूक नाही.

उत्तर (बीड) :
नाजूक नसली तरी तिलाही फुटायला पाणी लागतेच, आणि आपली अडचण नेमकी तीच आहे. तारेला टेकलेल्या फांद्या मात्र डिसेंबरपर्यंत ठेवता येणार नाहीत. त्या वीज बंद करवून घेतल्यावरच, माहीतगार माणसाकडून काढाव्यात. वाळलेल्या काड्या केव्हाही काढाव्यात, पश्चिमेकडची पाने राखावीत, उघड्या पडलेल्या खोडाला चुना लावावा आणि बुडाशी पाचटाचा जाड थर द्यावा. कात्री लावण्याआधी आत बुलबुलाचे घरटे नाही ना, तेही पाहावे. याच दिवसांत ते अशा दाट वेलीत अंडी घालतात.

उत्तर (जालना) :
एवढ्याला माझी हरकत नाही. मोठी छाटणी मात्र डिसेंबर-जानेवारीतच करावी, मग मधुमालती कितीही काटक असो.