गोवा १९६१: घाई कसली?
'नेहरूंनी घाईने गोव्यात सैन्य घुसवलं, आधी बोलायला हवं होतं,' असं तुम्ही म्हटलंय. स्वातंत्र्यानंतर चौदा वर्षं थांबून घाई? आणि बोलायचं कोणाशी? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने १९५१ मध्येच घटना बदलून गोवा वसाहत नव्हे, पोर्तुगालचाच प्रांत ठरवला होता. निःशस्त्र मार्गही करून झाला. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यातले एक आजोबा १९५५च्या गोवामुक्ती सत्याग्रहाला गेले होते. मार खाऊन आले. डाव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत मिटायची नाहीत, चहाची बशी उजव्यानेच धरायचे. त्या १५ ऑगस्टला तर पोर्तुगीजांनी सरहद्दीवर सत्याग्रहींना गोळ्याच घातल्या.

गोवेकरांना कुणी विचारलं नाही, हा तुमचा मुद्दा मात्र मान्य. १९६७चा जनमत कौल फक्त महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, एवढ्यापुरता होता. (त्यात आपण विलीनीकरणवाले आपटलो, ते सोडा.)