दिवाळीचं चित्रपुस्तक दुसरीच्या वर्गात वाचनासाठी कसं वापरावं?

फळाखडू:
दुसरीचा वर्ग, पट ३२. निम्मी मुलं बिनजोडाक्षरी शब्द वाचतात, बाकीची काना-मात्र्यांवर अडखळतात. दिवाळीचं १६ पानी चित्रपुस्तक आहे, प्रत एकच. सुट्टीआधी ३५ मिनिटांच्या चार तासिका आहेत. मुलं चित्र बघून अंदाजानं वाक्य म्हणतात. रंगकामात वेळ न जाता खरं वाचन होईल असं काय घेऊ?

वाचनकोपरा:
अंदाजालाही जागा द्या, पण वेगळी. पहिल्या तासिकेत मजकुरावर पट्टी लावून फक्त चित्रवाचन: कोण आहे, काय करतंय, पुढे काय होईल. दुसऱ्या तासिकेत उलटं. पुस्तक मिटून त्यातली पाच-सहा वाक्यं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. नाहीतरी एका प्रतीतली अक्षरं मागच्या ओळीला दिसत नाहीत. ‘पणती’ लिहिलेलं असताना मूल ‘दिवा’ म्हणालं, तर ते चित्र आठवून बोलतंय. चूक सांगू नका, पहिल्या अक्षरावर छडी ठेवून ‘हे कोणतं?’ एवढंच विचारा.

‘चतुर्दशी’, ‘अभ्यंगस्नान’ कानाला ओळखीचे, वाचायला जड. रफार ‘द’वर दिसतो पण उच्चार त्याआधी, म्हणून ‘चतुद्रशी’ होतं. असे शब्द तुम्हीच वाचा. मुलांना पणती, कंदील, करंजी, फराळ, उटणे, कारीट पुरेत.

पाटीपेन्सिल:
तिसऱ्या तासिकेला वाक्यपट्ट्या. चार-चारांचे आठ गट, प्रत्येकाला सहा पट्ट्या. ‘क्रमाने लावा’ हा नेहमीचा खेळ इथे फसतो, कारण सणाचा क्रम मुलांना घरूनच पाठ असतो आणि न वाचताच पट्ट्या लागतात. त्याऐवजी सहांत दोन चुकीच्या घाला, तीही एका अक्षरानं: ‘पणतीत भात ठेवा’ (वात), ‘करंजीत साबण भरा’ (सारण). वर्ग हसतो, आणि चूक सापडायला प्रत्येक पट्टी शेवटपर्यंत वाचावीच लागते. चूक पहिल्या शब्दात नको, लगेच दिसते. अडखळणाऱ्या मुलांना दोन-तीन शब्दांच्याच पट्ट्या द्या.

घडीकाम:
चौथ्या तासिकेला प्रत्येकाचं आठ पानी पुस्तक, एका ए-४ कागदातून. तीनदा निम्मी घडी घालून उघडा, आठ चौकटी दिसतील. आखूड बाजू एकमेकींवर आणून दुमडा आणि घडीच्या कडेनं मधल्या रेषेवर एका चौकटीच्या लांबीएवढी चीर द्या. सुट्या कडेनं कापलं तर चीर मधे न पडता दोन्ही टोकांना पडते, पुस्तक होत नाही. म्हणून कागद आदल्या दिवशी तुम्हीच कापून ठेवा, दोन-तीन जास्तीचे. मग लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की पानं तयार.

लिखाण घडी घातल्यावरच, कारण सपाट कागदावर चार चौकटी उलट्या येतात. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि मधे वसुबारस ते भाऊबीज अशी सहा पानं, हिशोब नेमका बसतो. सणांची नावं फळ्यावरून उतरवू द्या, वाक्य मात्र मुलाचं, तीन-चार शब्दांचं. चित्र शेवटच्या दहा मिनिटांत.

‘सहा पानं म्हणजे सहा तारखा’ असं मात्र सांगू नका. २०२३ मध्ये नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही १२ नोव्हेंबरलाच होती. कॅलेंडर बघणारं मूल विचारणारच.

फळाखडू:
ज्यांच्या घरी दिवाळी नसते त्यांचं काय?

पाटीपेन्सिल:
घडी तीच, सण त्यांचा. ईदच्या शिरखुर्म्याची कृती सहा पानांत छान बसते: दूध तापवा, शेवया भाजा, खजूर चिरा... फक्त ‘शिरखुर्मा’तला रफार तुम्ही वाचून दाखवा.