पाणाड्याचा नारळ आणि बोअरचे कर्ज

धागाकर्ता, बीड

मराठवाड्यात उन्हाळा तापू लागला की बोअरच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात आणि गाडी शिवारात येण्याआधी पाणाड्या, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस, येऊन गेलेला असतो. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो बांधाबांधाने चालतो, एका जागी नारळ उभा राहतो, तिथे दगड ठेवला जातो आणि त्या खुणेवर घरादाराने व्याजाने काढलेला पैसा लागतो. पाणाड्याची दक्षिणा किरकोळ असते. खरा खर्च फुटाच्या दराने होणाऱ्या खोदाईचा आणि केसिंगचा (बोअर ढासळू नये म्हणून आत बसवलेल्या पाइपाचा) असतो, आणि बोअर कोरडे गेले तर तो एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. आपल्या सांगण्यावरून किती बोअर कोरडे गेले याची ज्याने कधी नोंद ठेवली नाही, त्याच्या शब्दावर कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर, निलंगा

मला हे मान्य नाही. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने बृहत्संहिता या ग्रंथात झाडे आणि वारुळे पाहून भूजल ओळखण्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. ही विद्या कालपरवाची नव्हे. आमच्याकडचे पाणाडे पाणी लागले नाही तर पैसे घेत नाहीत. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला पाणी दिसते असा आमच्या वाडवडिलांचा अनुभव आहे, आणि तो आपण एका फटक्यात खोटा ठरवता.

धागाकर्ता

झाडे, वारूळ, नाल्याचा उतार ही निरीक्षणे आहेत. ती कोणालाही तपासता येतात आणि जाणत्या पाणाड्याचे यश बहुधा तिथूनच येते. नारळाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो उभा करायला हाताची नकळत झालेली लहानशी हालचाल पुरते, आणि ती करणारा माणूस प्रामाणिकही असू शकतो. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये सुमारे ५०० पाणाड्यांमधून निवडलेल्या ४३ जणांची एका कोठारात परीक्षा झाली: खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ हलवत ठेवायचा आणि वरच्या मजल्यावरून त्याची जागा ओळखायची. ८४३ प्रयत्नांच्या आकड्यांची पुढे फेरतपासणी झाली, तेव्हा ते अंदाजपंचे उत्तरांहून वेगळे दिसले नाहीत. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे इथल्या काळ्या खडकात, झिजलेल्या व भेगाळलेल्या थरांत थोडेबहुत पाणी बऱ्याच ठिकाणी असते, त्यामुळे कोणाचेही काही अंदाज बरोबर येणारच. ‘पाणी लागले तरच पैसे’ या अटीत पाणाड्याचे काहीच जात नाही.

उत्तर, परभणी

कायद्याचीही एक बाजू सांगतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातून भूजल शोधण्याबाबतचा सल्ला वगळलेला आहे, त्यामुळे तक्रारीचा मार्ग अरुंद आहे. पण यंत्राने जमिनीची विद्युतरोधकता (जमीन विजेला किती अडवते ते) मोजून सांगितलेले बोअरही कोरडे जातात, हे धागाकर्त्याने लिहायला हवे होते.

धागाकर्ता

जातात, हे मान्य. मात्र त्या मोजणीचा आलेख कागदावर राहतो आणि तो चुकला तर कुठे चुकला हे दुसऱ्या जाणकाराला दाखवता येते. प्रत्येक ग्रामपंचायतीने गट क्रमांक, खोली, जागा कोणी सांगितली आणि उन्हाळ्यात पाणी किती टिकले, एवढे चार रकाने जरी भरले तरी हा वाद गावातच सुटेल.

उत्तर, निलंगा

नोंदवहीला माझी हरकत नाही. आमच्या पाणाड्याचे नावही मी स्वतः त्यात लिहीन. परंतु ऊस डोळ्यांदेखत वाळत असताना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाची वाट किती दिवस पाहायची, याचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.