"नाही सोडवलं तरी": प्रौढ श्रद्धा संकटात खरंच धैर्य देते का?

नगरची_सिस्टर

सर्वांना सलाम.

मागच्या रविवारी आमच्या मंडळीत उपासनेत साक्षी झाल्या, म्हणजे लोकांनी उठून आपापले विश्वासाचे अनुभव सांगितले. एक तरुण उठून म्हणाला, "विश्वास पक्का असेल तर संकट येत नाही, आणि आलंच तर टिकत नाही." मागच्या बाकांवरून मोठ्याने आमेन आलं. माझ्या तोंडून निघालं नाही. आठवडाभर तेच डोक्यात आहे, म्हणून इथे लिहितेय. पटलं नाही तर स्पष्ट लिहा. देव न मानणाऱ्यांनीही लिहा.

माझं म्हणणं असं. संकट टळेल या भरवशावर धरलेला धीर पहिल्या वाईट रिपोर्टला सुटतो. प्रौढ श्रद्धेचा धीर वेगळ्या जागेवरून येतो. बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकातले तिघे तरुण पेटलेल्या भट्टीसमोर राजाला काय सांगतात? आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. पण नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. माझ्यासाठी सगळा ख्रिस्ती विश्वास त्या "नाही सोडवलं तरी"मध्ये आहे.

मी तीस वर्षं नर्स होते, पण हे शिकले ते रुग्णाची बायको म्हणून. आमचे मिस्टर तीन वर्षं डायलिसिसवर होते, मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी सहाचं मशीन, म्हणून साडेचारला उठायचं. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेली जागा, केलेल्या हातावर बोटं ठेवली की आत सारखी थरथर लागते, मांजर गुरगुरतं ना, तशी. थरथर आहे म्हणजे रक्त वाहतंय. ते रोज जाग आली की आधी तिथे दोन बोटं ठेवायचे, मग प्रार्थना करायचे. पहिल्या वर्षीची प्रार्थना होती, "प्रभू, किडनी मिळू दे." यादीत नाव होतं. दुसऱ्या वर्षी ती झाली, "आजचे चार तास निभावून ने." तिसऱ्या वर्षी ते शेजारच्या खाटेवरच्या बावीस वर्षांच्या पोराचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. मी एकदा विचारलं, स्वतःसाठी काही मागत नाही का? म्हणाले, "माझं त्याला ठाऊक आहे. त्या पोराला वाटतं आपलं कुणालाच ठाऊक नाही."

किडनी आली नाही. शेवटच्या रात्री त्यांना भीती वाटत होती, माझा हात सोडत नव्हते. ते मी लपवणार नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनेही हा प्याला टळो अशीच विनवणी केली होती. भीती वाटते म्हणजे विश्वास नाही, असं म्हणणाऱ्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. 1870 च्या दशकात आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली, पुढे भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा गेला. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. एवढी विदुषी आठ वर्षं शोधत राहिली! त्यानंतरच्या रमाबाई बघा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. जिने स्वतः भुकेने माणसं गमावली, ती पुन्हा त्या भुकेत शिरली. पुण्यात प्लेगच्या नियमांमुळे इतक्या जणींना ठेवता येईना, तेव्हा दौंडजवळच्या केडगावला, आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर त्यांना नेलं. तेच त्यांचं मुक्ती मिशन. 1900 च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या घरात माणसं होती. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम रमाबाईंनी सोडलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात दूध, म्हणजे विश्वासाची सोपी शिकवण, तान्ह्यांसाठी आणि जड अन्न प्रौढांसाठी असं सांगितलंय. आपल्या मंडळ्यांमधून आता दूधच जास्त वाटलं जातं, असं मला वाटतं.

सातारचा_विवेकी

ताई, तुमच्या मिस्टरांचं वाचून थांबलो होतो. त्यांच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. ते श्रद्धेतून आलं, ही गोष्ट मात्र मला मान्य नाही.

तुम्ही 1897 काढलंत, तर त्याच सालचं सांगतो. 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत याने पुण्याबाहेर दवाखाना काढला होता, तिथे रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली. रमाबाई दुष्काळात शिरल्या आणि सावित्रीबाई प्लेगात. एकीकडे ख्रिस्त होता, दुसरीकडे सत्यशोधकी विचार. मग धैर्याचं श्रेय ख्रिस्ती श्रद्धेला कसं देता? दोघींमध्ये सारखं होतं ते समोरच्या माणसाचं दुःख सहन न होणं.

दुसरं जरा कठोर आहे, पण मनापासून लिहितोय. माणूस बरा झाला तर देवाची कृपा, नाही झाला तर प्रौढ श्रद्धा. असं म्हटलं की देव कधीच हरत नाही. जे कधी चुकूच शकत नाही त्याला मी खरं कसं मानू? आणि माझी खरी काळजी पुढे आहे. "नाही सोडवलं तरी" म्हणत माणूस सोसायला शिकला की भांडायचं विसरतो. तालुक्याच्या ठिकाणी डायलिसिसची मशीनं का कमी आहेत, अवयवदान इतकं कमी का होतं, हे विचारायला हवं होतं. पहाटे साडेचारला उठावं लागणं ही देवाची परीक्षा नाही, ती व्यवस्थेची उणीव आहे.

निशिगंध

मी सहसा अशा विषयांवर लिहीत नाही.

माझी मुलगी सहा वर्षांची होती. रक्ताचा कॅन्सर. आम्ही तेव्हा एका प्रार्थनागटात जायचो. दर बुधवारी लोक घरी यायचे, तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. केस गेले होते, इतके हात नको वाटायचे तिला, ती मान खाली घालायची. तिसऱ्या केमोनंतर आजार उलटला तेव्हा गटाच्या प्रमुखांनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही पाप लपलेलं आहे का? एकदा आठवून बघा." मी आठवत बसले. मुलगी आतल्या खोलीत, आणि मी ओट्याशी उभी राहून बत्तीस वर्षांची पापं आठवतेय.

म्हणून त्या तरुणाच्या साक्षीला तुम्ही आमेन म्हटलं नाहीत, याचं मला बरं वाटलं. पण ताई, तुमच्याही बोलण्यात एक गोष्ट टोचते. तुमचे मिस्टर मोठे होते. त्यांची प्रार्थना तीन वर्षांत बदलत गेली, त्यांना तेवढा वेळ मिळाला. माझी लेक मला विचारायची, "मी झोपले होते तेव्हा येशू येऊन गेला का?" सहा वर्षांच्या पोरीने कुठली प्रौढ श्रद्धा आणायची? तिला दूधच पचत होतं, आणि तेही तिला मिळालं नाही.

मी आता चर्चला जात नाही. धैर्य मला कुठूनच आलं नाही. दिवस गेले, एवढंच झालं.

प्रभूचा_कामगार

प्रभूची स्तुती असो.

निशिगंधताई, आधी तुम्हाला. मी तुम्ही म्हणता तशाच गटांपैकी एकात सेवा करतो. स्वयंपाकघरात तुम्हाला जे विचारलं गेलं ते पाप होतं, आणि ते विचारणाऱ्याचं होतं. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, कुणाच्या पापाने हा आंधळा जन्मला? प्रभूने सरळ सांगितलं, याच्याही नाही आणि आईबापांच्याही नाही. ते प्रमुख बायबल हातात धरून बायबलच्या उलट बोलले. मी तुमची क्षमा मागतो.

आता सिस्टर, तुमच्याशी माझं भांडण आहे. मी बारा वर्षं दारूत होतो. मला मिशन कंपाउंडातल्या शांत उपासनेने उठवलं नाही. हात वर करून, रडून, ओरडून प्रार्थना करणाऱ्या लोकांनी उठवलं. तुम्ही "दूध" म्हणता ते आमच्या वस्तीत जीव वाचवतं. याकोबाच्या पत्रात आजारी माणसाने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं स्पष्ट लिहिलंय. बरं होण्यासाठी मागणं बालिश असतं तर प्रभूने आंधळ्या बार्तीमयाला "तुझी काय इच्छा आहे?" असं विचारलंच नसतं.

आणि रमाबाईंचं नाव घेता तर पूर्ण घ्या. 1905 मध्ये त्यांच्याच मुक्तीत मुली तासन्‌तास मोठ्याने रडत, एकत्र प्रार्थना करत होत्या. तेव्हाही शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडली. रमाबाईंनी ते थांबवलं नाही, त्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. संस्कृतच्या पंडितेला ज्याची लाज वाटली नाही त्याची आज आपल्याला का वाटावी?

वसईची_लेक

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे साक्षी नसतात, रोझरी असते, म्हणजे माळेवरची प्रार्थना. मला या चर्चेतला "प्रौढ" हा शब्दच जड वाटतो.

2021 च्या एप्रिलमध्ये आमच्या धर्मग्रामातल्या पाचसहा पोरांनी कोविडने गेलेल्यांना माती द्यायचं काम घेतलं. माझा धाकटा भाऊ त्यात होता. घरात पाल निघाली तर खोलीबाहेर जाणारा मुलगा. पीपीई किटमध्ये घामाने निथळून यायचा, अंगणातल्या नळावर आंघोळ करायचा, आई लांबूनच ताट ठेवायची. घरच्यांना कबरस्तानात येता यायचं नाही, म्हणून ही पोरंच खड्ड्याशी उभी राहून "नमो मारिया" ही मरियेची प्रार्थना म्हणायची. एकदा एका आजींचं नाव चिठ्ठीवर पुसलं गेलं होतं, तर यांनी फोन करून नाव विचारून घेतलं आणि मगच प्रार्थना सुरू केली.

त्याची श्रद्धा प्रौढ होती का? मला नाही वाटत. फादरांनी विचारलं, त्याने हात वर केला. लहानपणापासून रोज संध्याकाळी गुडघे टेकायची सवय, कुणी गेलं की सगळ्या आळीने तिथे जमायची सवय. वेळ आली तेव्हा त्या सवयीने त्याला चालवलं. धैर्य एकट्याच्या आत पिकतं असं सिस्टर म्हणतात, मी म्हणेन ते आळीत असतं.

नगरची_सिस्टर

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

कामगार भाऊ, तुमचं म्हणणं मान्य. दूध हा शब्द मी ज्या सुरात वापरला तो चुकला. मागणं बालिश नाही, माझे मिस्टरही पहिलं वर्षभर मागतच होते. माझा विरोध हमी देण्याला आहे. निशिगंधताईंना जे विचारलं गेलं ते त्या हमीचंच पोर. हमी दिलेली गोष्ट घडली नाही की दोष कुणाच्या तरी माथी मारावा लागतो, आणि देवाला देता येत नाही म्हणून तो आईला देतात. बायबलमधल्या ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याच्या मित्रांनी हेच केलं, आणि त्या पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

विवेकी दादा, सावित्रीबाईंपुढे मी मान झुकवते. धैर्य ख्रिस्ती लोकांची मक्तेदारी आहे असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. मात्र सत्यशोधक निर्मिकाला, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्याला, मानत होते, तेव्हा त्या देवाशिवाय उभ्या होत्या असंही म्हणता येत नाही. श्रद्धेने माणूस भांडायचं विसरतो हे मात्र मला अजिबात पटत नाही. 1897 मध्येच पुण्यातल्या प्लेगच्या व्यवस्थेत बायकांची जी आबाळ झाली, त्यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती, बाई ख्रिस्ती, तरी लिहिलं, आणि गव्हर्नरांचा रोष ओढवून घेतला. मिस्टर गेल्यावर मीही अवयवदानाचा अर्ज भरला, मंडळीतल्या अकरा जणांकडून भरून घेतला. मशीनं कमी आहेत हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, आणि त्यासाठी तुम्ही अर्ज कराल तर माझी सही घ्या.

सातारचा_विवेकी

सही घेईन, नक्की. निर्मिकाबद्दलचा मुद्दाही मान्य, तो मी ओझरता सोडायला नको होता. पण माझा मूळ प्रश्न उभाच आहे. तुमच्या मिस्टरांनी शेजारच्या पोराचं नाव घेतलं हे मला समजतं, आवडतं. ते ऐकणारं कुणी होतं का, हे त्यातून सिद्ध होत नाही.

नगरची_सिस्टर

नाही होत. सिद्ध करता येईल असं माझ्याकडे काही नाही. ते पोर मिस्टरांच्या मातीला आलं होतं, हाताला पट्टी तशीच बांधलेली, मशीनवरून थेट. माझ्याकडे एवढंच आहे.

निशिगंधताई, तुम्हाला उत्तर द्यायला मी सर्वांत शेवटी बसले, कारण उत्तर नाही. तुमच्या लेकीने काहीच आणायला नको होतं. आणायचं होतं ते मोठ्यांनी, आणि त्या मोठ्यांनी तुम्हाला ओट्याशी एकटं सोडलं. मिस्टर गेल्यानंतर दर मंगळवारी मला साडेचारलाच जाग यायची आणि करायला काही नसायचं. मंडळीतल्या एका बाईंना हे कळलं. त्या पाचला थर्मासमध्ये चहा घेऊन यायच्या, सहा महिने आल्या. वचन वाचलं नाही, काही समजावलं नाही. दोघी बसायचो, उजाडलं की त्या जायच्या. वसईच्या ताई म्हणतात ते खरं आहे, माझाही धीर माझ्या एकटीच्या आतला नव्हता.

निशिगंध

माझ्या दाराशी कुणी चहा घेऊन आलं नाही. आलं असतं तर काय झालं असतं, माहीत नाही.

पुढच्या महिन्यात भाच्याच्या लग्नाला नगरला यायचं आहे. तुम्हाला भेटायला आले तर चालेल का? प्रार्थना करायची नाही, एवढं आधीच सांगते.

नगरची_सिस्टर

नाही करायची. मंगळवारीच या.