मदत हवी आहे : पार्किन्सन्समुळे वडिलांचे पहिले पाऊलच अडते

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे असून चार वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्सचे निदान झाले. औषधे वेळेवर चालू आहेत आणि एकदा चाल लागली की ते अंगणात दोन फेऱ्याही मारतात. अडते ते पहिले पाऊल. खुर्चीतून उठल्यावर, आणि विशेषतः स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी, त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, गुडघे थरथरू लागतात आणि "पाय उचलतच नाही गं" असे ते म्हणतात. गेल्या आठवड्यात आईने घाईघाईने त्यांचा हात धरून पुढे ओढले, तेव्हा छाती पुढे गेली, पाय जागीच राहिले आणि ते गुडघ्यांवर पडले. सुदैवाने खरचटण्यावर निभावले.

त्यानंतर मी या विषयावर थोडे वाचले. उजवे पाऊल उचलायचे असेल, तर त्याआधी साधारण अर्धा सेकंद शरीराची तयारी चालते : उभे असताना सतत ताणलेले पोटरीचे स्नायू सैलावतात, नडगीपुढचा स्नायू आवळतो, तळपायांखालचा दाब क्षणभर मागे आणि उजव्याच पायाकडे सरकतो, आणि त्या रेट्याने शरीराचा भार पुढे व डावीकडे ढकलला जाऊन उजवा पाय मोकळा होतो. मला हे उलटेच वाटले होते, म्हणून मी उजवा खांदा आणि उजवे पाऊल भिंतीला टेकवून उभी राहिले आणि डावा पाय उचलून पाहिला. कंबर उजवीकडे सरकायला जागाच नसल्याने पाय उचलून धरणे मला जमले नाही. पार्किन्सन्समध्ये ही पूर्वतयारी क्षीण होते, किंवा पाऊल न पडताच पुन्हा पुन्हा होत राहते. गुडघ्यांची ती थरथर म्हणजे हेच असावे.

नवल म्हणजे जिना ते न अडखळता चढतात, आणि बाहेरच्या खोलीतील काळ्या-पांढऱ्या फरशीवरही त्यांचे पाऊल सहज पडते. डोळ्यांसमोर रेघ किंवा पायरी असली की पाय सुटतो, असे पुष्कळांच्या बाबतीत होते म्हणे.

फिजिओथेरपिस्टची भेट पंधरा दिवसांनी आहे आणि तेथे मी विचारणारच आहे, परंतु घरी अशा रुग्णाला सांभाळणाऱ्यांचा अनुभव तोपर्यंत हवा आहे. पाऊल टाकण्यापूर्वी त्यांना जागच्या जागी डावी-उजवीकडे डोलायला सांगावे, असे मनात आहे. त्या वेळी आधार देणाऱ्याने नेमके कोठे उभे राहावे, बाजूला की किंचित मागे, आणि हात कंबरेला लावावा की कोपराला? उंबरठ्यापाशी रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, तर दोन पट्ट्यांत किती अंतर ठेवावे, आणि काही दिवसांनी त्यांची सवय होऊन उपयोग कमी होतो का? चाकांचा वॉकर एका नातेवाइकांनी देऊ केला आहे, पण पाय अडलेले असताना तोच पुढे निसटला तर काय, या भीतीने मी तो अजून घरात आणलेला नाही. कोणी वापरला असल्यास त्याला ब्रेक कसा होता, हेही कृपया लिहावे.